रोजची नदी, एकदाचा फोटो

(साजगाव येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं जोडली आहेत.)

 

या मालेत आपण एरवी ग्रंथांबद्दल बोलतो, तत्त्ववेत्त्यांबद्दल बोलतो. आजचा विषय त्या मानाने खिशातला आहे. आज इथे असा कोण आहे ज्याच्या खिशात कॅमेरा नाही? आपण प्रवासाला निघतो, एखादी नदी लागते, खाडी लागते, काठावर कुणी कपडे धूत असतं, कुणी जाळं टाकत असतं, पोरं डुंबत असतात. आपण गाडी थांबवतो, फोटो काढतो आणि पुढे जातो. त्या फोटोला आपण म्हणतो ‘रोजचं जीवन’. आमचा आजचा प्रश्न एवढाच आहे, की जो माणूस तिथे एकदाच गेला, त्याला ‘रोजचं’ दिसलं कसं?

प्रश्न ऐकायला शब्दच्छल वाटेल. तसा तो नाही, आणि साजगावात बसून तो समजावून घेणं सोपं आहे. कारण इथे जवळूनच पाताळगंगा वाहते, आणि ही नदी फोटोत एक दिसते आणि प्रत्यक्षात तिची गोष्ट निराळी आहे.

एक साधा फोटो

डोळ्यांसमोर एक फोटो आणू या. कुठला विशिष्ट नको, असे शेकडो निघतात. वैशाखाचं ऊन आहे. मागे घाटाची उघडी, करपलेली भिंत. पुढे नदी, आणि नदीला चांगलं गुडघा-मांडीभर वाहतं पाणी. तीन बायका दगडावर कपडे आपटतायत. थोडं खाली एक माणूस पाग फेकतोय, जाळं हवेत गोल उघडलंय. म्हशी बसल्यायत. उजेड सुंदर, पाण्यावर चमक. फोटो काढणारा मुंबईचा किंवा पुण्याचा. खाली त्याने लिहिलं आहे: ‘काळ जिथे थांबला आहे’.

आता बघा, या फोटोत खोटं काहीच नाही. बायका खऱ्या, पाणी खरं, जाळं खरं. कुणाला पैसे देऊन उभं केलेलं नाही. तरी हा फोटो आपल्याला चुकीचं काहीतरी सांगतो. काय चुकीचं सांगतो, हे कळायला आपल्याला थोडं मागे जावं लागेल. आधी फोटोच्या इतिहासात, आणि मग आपल्या न्यायशास्त्रात.

हलणारं उमटत नाही

१८३८ साली पॅरिसमध्ये दागेर याने आपल्या खिडकीतून खालच्या रस्त्याचं चित्र घेतलं. बुलेव्हार द्यु ताँप्ल हा गजबजलेला रस्ता. घोडागाड्या, माणसं, ये-जा. पण चित्रात रस्ता जवळजवळ ओस आहे. कारण चित्र उमटायला काही मिनिटं लागत होती, आणि जे जे हलत होतं ते उमटलंच नाही. माणूस म्हणून ओळखू येतो तो एक, जो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबला होता. सोबत पॉलिशवाल्याची पुसट आकृती. म्हणजे छायाचित्रात उमटलेली पहिली माणसं ही रोजच्या कामातली माणसं आहेत, पण ती दिसली कारण ती थांबली. बाकी सगळा रोज वाहून गेला.

हे तंत्र आपल्याकडे फार लवकर आलं. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, भारतातली पहिली. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. पण काचेवर ओलं रसायन लावून फोटो घेण्याची जी पद्धत होती, तिला सेकंदांची स्थिरता लागायची. वाहतं पाणी त्या काचेवर धुक्यासारखं उमटायचं. वल्हं मारणारा हात दिसायचाच नाही. त्यामुळे त्या काळच्या नदीच्या चित्रांत नावा बांधलेल्या असतात आणि माणसं पुतळ्यासारखी उभी असतात.

विल्यम जॉन्सन नावाच्या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ साली मुंबईच्या रहिवाशांवर दोन खंड काढले. त्यात निरनिराळ्या जातीजमातींची माणसं आहेत. त्याने काय केलं, तर माणसांचे फोटो एकीकडे घेतले, देखाव्याचे दुसरीकडे घेतले, आणि दोन्ही एकत्र जोडले. माणूस एका जागचा, पार्श्वभूमी दुसऱ्या जागची. तंत्राची अडचण होती हे खरं. पण त्याबरोबर एक सवयही लागली. माणसाला त्याच्या वेळेतून आणि जागेतून उचलायचं आणि ‘हा अमक्या जातीचा नमुना’ म्हणून मांडायचं. पुढे १८६८ ते १८७५ मध्ये सरकारी पुढाकाराने ‘पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड निघाले, त्यांत हेच मोठ्या प्रमाणावर झालं.

तंत्र बदललं. आता सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो निघतो, पाण्याचा उडालेला थेंबसुद्धा हवेत थांबतो. सवय मात्र गेली नाही. आपण अजूनही माणसाला त्याच्या वेळेतून उचलतो. फक्त आता कात्री लागत नाही.

क्षण आणि रोज

१९५२ साली कार्तिए-ब्रेसाँ यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं. इंग्रजीत त्याच्या नावाने ‘निर्णायक क्षण’ ही कल्पना जगभर गेली. सगळं जुळून येतं असा एक क्षण असतो, तो पकडायचा. फार मोठा छायाचित्रकार, त्याबद्दल वाद नाही. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने बघा. कपडे धुण्याचा निर्णायक क्षण कोणता? पाणी भरण्याचा निर्णायक क्षण कोणता? जे काम काल केलं, आज केलं आणि उद्या करायचंय, त्यात निर्णायक असं काही नसतंच. म्हणून तर ते रोजचं. रोज म्हणजे पुनरावृत्ती. आणि एका फोटोत पुनरावृत्ती दाखवता येत नाही, एक आवृत्ती दाखवता येते.

आपल्या न्याय-मीमांसेत याला नेमका शब्द आहे: भूयोदर्शन. पुन्हा पुन्हा पाहणं. धूर आणि अग्नी यांचा नियम आपल्याला कसा कळतो? एकदा पाहून नाही. स्वयंपाकघरात पाहिलं, होळीत पाहिलं, शेतातल्या भाजणीत पाहिलं, तेव्हा म्हटलं की जिथे धूर तिथे अग्नी. एका वेळचं जे दिसणं ते प्रत्यक्ष. नियम कळायचा तर भूयोदर्शन हवं. मीमांसकांनी यावर भर दिला.

‘रोजचं जीवन’ हा शब्द मुळात नियमाचा शब्द आहे. ‘इथे बायका रोज धुणं धुतात’ हे विधान एका दृश्याचं नाही, ते अनेक दिवसांचं आहे. प्रवाशाकडे प्रत्यक्ष आहे, आणि दावा मात्र तो भूयोदर्शनाचा करतो. पहिली गफलत इथे आहे.

पण थांबा. पुन्हा पुन्हा पाहिलं की भागतं का? चौदाव्या शतकात गंगेश उपाध्यायांनी ‘तत्त्वचिंतामणी’त हाच प्रश्न विचारला आणि सांगितलं, की नुसतं भूयोदर्शन पुरत नाही. शंभर वेळा बरोबर दिसलं आणि एकशे एकाव्या वेळी दिसलं नाही, तर? म्हणजे व्यभिचार आला, नियम तुटला. आणि नियम का तुटतो? तर मध्ये कुठेतरी न दिसलेली अट असते. तिला म्हणतात उपाधी.

उदाहरण शास्त्रातलंच घेऊ. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. आता उलटं करा: जिथे अग्नी तिथे धूर. चुलीत पाहिलं तर खरं वाटतं. पण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर कशामुळे होता? सरपण ओलं होतं म्हणून. ओलं सरपण ही उपाधी. ती आपल्या लक्षात आली नाही, आणि आपण सगळं श्रेय अग्नीला दिलं.

हे तीन शब्द लक्षात ठेवा: भूयोदर्शन, व्यभिचार, उपाधी. आता नदीवर परत जाऊ.

पाताळगंगेचं ओलं सरपण

आपल्या फोटोवाल्याने मनात काय बांधलं? जिथे नदी तिथे धुणं, तिथे मासेमारी, आणि हे अनादि काळापासून. नैयायिक विचारेल, सगळीकडे? बाराही महिने? सह्याद्रीतून पश्चिमेला उतरणाऱ्या आपल्या बहुतेक नद्या आखूड. पावसाळ्यात दुथडी, आणि होळी सरली की डोह तेवढे उरतात. मग या नदीला वैशाखात वाहतं पाणी कुठून?

उत्तर घाटमाथ्यावर आहे. लोणावळा, वळवण आणि शिरोता इथे टाटांनी धरणं बांधली. ते पाणी मोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीच्या वीजघरात आणलं. १९१५ साली खोपोलीची वीज सुरू झाली, ती मुख्यतः मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी. जनित्रं फिरवून झाली की ते पाणी पाताळगंगेत सोडतात. म्हणजे वैशाखातलं हे वाहतं पाणी शंभरावर वर्षांपूर्वी सुरू झालेल्या एका कारखानदारी व्यवस्थेचं पाणी आहे. पाणी किती आणि कधी येणार हे वीज किती आणि कधी करायची यावर ठरतं, आणि ते ठरतं पुष्कळसं मुंबईच्या गरजेवर. मुंबईत दिवे लागतात, पंखे फिरतात, आणि इथे दगडावरचं पाणी चढतं-उतरतं. ज्या बाईने दगड निवडला आहे, तिला ते पाणी कधी चढतं ते माहीत आहे. फोटो काढणाऱ्याला माहीत नाही. हे आपलं ओलं सरपण. चौकटीत ते कुठेच नाही.

ही एकटी पाताळगंगेची गोष्ट नाही. कर्जतकडे पेज नदी बारमाही वाहते ती भिवपुरीच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर. भिवपुरी १९२२ सालचं. रोह्याकडे कुंडलिकेचं तसंच, भिऱ्याचं पाणी. तिथे कोलाडला पर्यटक रबरी होडीतून जातात, ते सकाळी ठरावीक वेळी, कारण पाणी तेव्हा सुटतं. आणि भिऱ्याला येणारं पाणी मुळशीचं. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. त्यांची गावं आणि भातजमीन बुडाली. कुंडलिकेवरच्या होडीच्या फोटोत ती गावं दिसतात का? नाही. पण त्या गावांवाचून त्या मोसमात ते पाणी नाही, आणि पाण्यावाचून तो फोटो नाही.

साजगावच्या लोकांसाठी यात आणखी एक गंमत आहे. इथली कार्तिकी एकादशीपासून भरणारी यात्रा, बोंबल्या विठोबाची म्हणून प्रसिद्ध. विठोबाच्या यात्रेत सुक्या मासळीचा बाजार! बाहेरच्याला नवल वाटतं, इथल्याला त्यात काही वाटत नाही. तुकोबा व्यापारासाठी घाट उतरून इकडे येत, अशी इथली आख्यायिका आहे. तुकोबांचं देहू इंद्रायणीकाठी. आणि वळवणचं धरण आहे तेही इंद्रायणीवर. म्हणजे आख्यायिकेतले तुकोबा घाट उतरले, आणि १९१५ पासून इंद्रायणीचं पाणीही घाट उतरतंय. तेच पाणी पूर्वेला भीमेत, चंद्रभागेत जाऊन पंढरपूरला पोचलं असतं. ते इकडे धाकट्या पंढरीच्या बाजूला आलं आणि धरमतरच्या खाडीकडे निघालं. काळ थांबला आहे असं म्हणणाऱ्याला हे सगळं दाखवायला हवं. इथे काळ थांबलेला नाही, इथे काळ नळातून येतो.

न दिसणारे दिवस

आता व्यभिचाराकडे. चांगल्या निरीक्षकाने नियम दिसला की अपवाद शोधायला हवा. पाणवठ्यावर जे आहे ते पाहिलं, आता जे नाही ते कधी नाही?

आपल्याकडे कातकरी वाड्या आहेत. नदी, ओढे, डोह यांची, मासे-खेकड्यांची त्यांची जाण पिढ्यान्‌पिढ्यांची. पण दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आता फिरस्त्यांचा हंगाम कोणता? हिवाळा आणि सुट्ट्या. म्हणजे फोटोवाला येतो तेव्हा नदी सगळ्यात जास्त जाणणारी माणसं कित्येकदा नदीवर नसतातच. तो निवांत रिकाम्या काठाचा फोटो घेतो आणि ‘शांतता’ असं नाव देतो. ती शांतता नाही. ते स्थलांतर आहे.

किंवा वलगण घ्या. पहिला जोराचा पाऊस झाला, ओढे भरले, की मासे प्रवाहाविरुद्ध चढतात आणि भातखाचरात शिरतात. काही ठिकाणी त्यांना चढणीचे मासे म्हणतात, आपल्याकडे वलगणीचे. रात्री-बेरात्री लोक बत्त्या घेऊन निघतात. वर्षातून मोजक्या रात्रींचा खेळ. हे रोजचं नाही, पण त्याशिवाय इथल्या लोकांचं पाण्याशी नातं कळत नाही. अंधार, पाऊस, चिखल. कॅमेऱ्याला हे तिन्ही नकोसे. म्हणून हे फोटो कमी आणि संथ पाण्याचे फोटो फार.

ज्यांनी पावसाला टाळलं नाही असे छायाचित्रकार आहेत. रघुबीर सिंग यांचा १९६७ सालचा फोटो आठवा. बिहारमध्ये मुंगेरला पावसात चिंब भिजून एकमेकींना बिलगून उभ्या असलेल्या बायका. मोठे छायाचित्रकार रंगाला हलकं मानत होते त्या काळात ते रंगीत फिल्म वापरत राहिले, आणि गंगेवर पुन्हा पुन्हा गेले. १९७४ साली त्यांचं गंगेवरचं पुस्तक आलं आणि १९९२ साली पुन्हा एक. अठरा वर्षांचं अंतर. हे भूयोदर्शन. एकाच नदीकडे परत जाण्याची तयारी.

कॅमेऱ्यासाठी केलेलं रोज

याची दुसरी बाजूही बघायला हवी. आपण फार फोटो काढले तर रोजचं बदलतं.

म्यानमारमध्ये इन्ले नावाचं सरोवर आहे. तिथले कोळी होडीच्या टोकावर एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाने वल्हं मारतात. त्याला कारण आहे. पाण्यावर वनस्पती माजलेल्या, बसून वल्हवलं तर पुढचं दिसत नाही, आणि पायाने वल्हवलं की दोन्ही हात जाळ्याला मोकळे. फार शहाणपणाची रीत. ती फोटोत इतकी सुंदर दिसते की जगभरातून लोक आले. आज तिथे काहीजण मासे धरायला न जाता पर्यटकांची होडी दिसली की शंकूच्या आकाराची मोठी टोपली पायाने तोलून पोज देतात आणि पैसे घेतात. मासेमारीपेक्षा त्यात मिळकत बरी.

आम्ही त्यांना नावं ठेवणार नाही. पोट भरायचंय. उद्या तेच त्याचं रोजचं काम. पण मग त्या फोटोखाली ‘मासे पकडणारा कोळी’ लिहिणं खोटं. ‘फोटोसाठी उभा असलेला कोळी’ लिहिलं तर तोच फोटो खरा. केरळच्या बॅकवॉटरमधल्या केट्टुवल्लम नावा एकेकाळी भात वाहायच्या, आता पुष्कळशा पर्यटकांना वाहतात. थायलंडमधला दामनेन सदुआकचा तरंगता बाजार कालव्यावरच्या बागायतदारांचा होता, आता तो मुख्यतः पाहुण्यांचा. या सगळ्याचा फोटो काढायला हरकत नाही. फक्त काय बदललं ते लपवू नका.

माणूस म्हणजे देखावा नव्हे

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. कांटने १७८५ साली सांगितलं, की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, तो स्वतः साध्य आहे. त्यातला ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा. दुकानदार आपल्याला साधनच असतो, पण तो नाही म्हणू शकतो. दुरून लेन्स लावून फोटो घेतलेल्या बाईला नाही म्हणायची जागाच ठेवलेली नसते. ती त्या चित्रात म्हशीच्या आणि दगडाच्या रांगेत जाऊन बसते.

पाणवठ्याचं एक वैशिष्ट्य आहे. तो सार्वजनिकही आहे आणि खासगीही. तिथे बायका लुगडं खोचून कामाला वाकलेल्या असतात, कधी अंघोळही करतात. गावाचा एक अलिखित नियम असतो, की त्या वेळी पुरुषांनी त्या बाजूला जायचं नाही. आपला कॅमेरा त्या नियमाला वळसा घालून जातो. कायद्यानेही यात एक बारकावा ओळखला आहे. २०१३ साली दंडसंहितेत सुधारणा झाली, आता न्यायसंहितेत ते कलम ७७ आहे. स्त्रीचा खासगी स्थितीतला फोटो चोरून घेणं गुन्हा तर आहेच, शिवाय तिने फोटो घ्यायला संमती दिली असेल पण पसरवायला दिली नसेल, तर पसरवणं हाही गुन्हा. आम्हाला ही फोड तात्त्विक दृष्ट्या फार मोलाची वाटते. संमती दोन आहेत. काढण्याची एक, दाखवण्याची दुसरी. कायदा हे खासगी कृत्यांपुरतं सांगतो, आपण ते प्रत्येक माणसाच्या फोटोला लावायला काय हरकत आहे? ‘काढू का?’ एवढं विचारून अर्धंच काम होतं. ‘हा मी हजार लोकांना दाखवला तर चालेल का?’ हेही विचारायला हवं.

मग करायचं काय

तत्त्वज्ञानाच्या मास्तरने व्यवहाराचं सांगू नये म्हणतात, तरी सांगतो.

प्रवासात दहा नद्यांचे दहा फोटो काढण्यापेक्षा एका पाणवठ्याचे दहा काढा. सकाळी सहाला, दुपारी, दिवेलागणीला. जमलं तर श्रावणात एकदा आणि चैत्रात एकदा. एकाच दगडावर उभं राहून. हे फोटो शेजारी शेजारी ठेवले की तुम्हाला न सांगता पाणी चढलेलं-उतरलेलं दिसेल, आणि ‘का?’ हा प्रश्न तुमचा तुम्हालाच पडेल. मात्र पात्रातल्या खडकावर मध्यभागी जाऊन उभे राहू नका. वरून पाणी सुटलं की पात्र चढतं, आणि पावसाळ्यात तर ओढे क्षणात फुगतात. जिवावर बेतलेल्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो.

दुसरं, फोटोखाली तारीख, वेळ, महिना लिहा. ‘काळ थांबला आहे’ असलं काही लिहू नका. तिसरं, कामाचं नाव विचारा. या जाळ्याला काय म्हणतात, हा मासा कोणता, या घाटाला काय म्हणता. नाव सांगताना माणूस बोलायला लागतो, आणि बोलता बोलता उपाधी बाहेर येते. ‘पाणी आज उशिरा आलं’ एवढं एक वाक्य कानावर पडलं, तरी तुमचा फोटो शहाणा होतो. चौथं, काढलेला फोटो त्याच जागी दाखवा, आणि जमलं तर छापून परत नेऊन द्या. त्यात सौजन्य तर आहेच, पण परत जावं लागतं, म्हणजे भूयोदर्शन आपोआप घडतं.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न: सर, विचारलं की माणसं सावरून बसतात, केस नीट करतात. मग नैसर्गिक फोटो कसा मिळणार?*

केस नीट करणं अनैसर्गिक आहे असं कुणी ठरवलं? कुणी आपल्याकडे बघतंय म्हटल्यावर पदर सारखा करणं हे अगदी नैसर्गिक आहे. तो पहिला फोटो त्यांचा, तो काढा आणि त्यांना द्या. मग अर्धा तास बसा. धुणं काही तुमच्यासाठी थांबत नाही. थोड्या वेळाने त्या कामाला लागतील आणि तुम्हाला विसरतील. तुमच्याकडे अर्धा तास नसेल, तर अडचण तुमच्या वेळेची आहे, त्यांच्या नैसर्गिकपणाची नाही.

*प्रश्न: तुम्ही म्हणता ती उपाधी फोटोत दाखवता येत नाही. मग फोटो हे माध्यमच अपुरं म्हणायचं का?*

सगळीच माध्यमं अपुरी आहेत. शब्दाला पाण्यावरची चमक दाखवता येत नाही. फोटो एक प्रत्यक्ष देतो, आणि ते फार मोठं देणं आहे. त्यावरून आपण जे अनुमान करतो त्याची जबाबदारी फोटोवर टाकू नये. दुसरं म्हणजे, एका फोटोत येत नाही ते दोन फोटोंत येतं. धुण्याचा एक घ्या आणि घाटावरून उतरणाऱ्या नळांचा एक घ्या. खोपोलीतून ते कुणालाही दिसतात. दोन शेजारी लावा. व्याख्यानाची गरज उरणार नाही.

*प्रश्न: आम्ही इथलेच. आमच्या नदीचे फोटो बाहेरचेच काढतात. आम्ही काय वेगळं काढणार, आम्हाला तर यात काही विशेष वाटत नाही.*

हा आजचा सगळ्यात चांगला प्रश्न. तुम्हाला विशेष वाटत नाही, कारण तुमच्याकडे भूयोदर्शन भरपूर आहे. बाहेरच्याकडे नवलाई आहे आणि भूयोदर्शन नाही. पण तुम्हाला एक गोष्ट कळते जी त्याला कधी कळणार नाही: आज काहीतरी वेगळं आहे. पाण्याचा रंग आज वेगळा आहे. हा मासा पूर्वी मिळायचा, आता मिळत नाही. अमकी म्हातारी गेले आठ दिवस घाटावर आली नाही. व्यभिचार ओळखायचा तर नियम आधी अंगात मुरलेला असावा लागतो, आणि तो तुमच्या अंगात आहे. तेव्हा जे नेहमीचं आहे ते एकदा नोंदवून ठेवा, आणि ज्या दिवशी नेहमीसारखं नसेल त्या दिवशी आवर्जून फोटो काढा, तारीख घालून. दहा वर्षांनी या नदीचं काय झालं असं कुणी विचारलं, तर उत्तर बाहेरच्याच्या सुंदर फोटोत मिळणार नाही. ते तुमच्या साध्या, तारखा घातलेल्या फोटोंत मिळेल.

वेळ संपली आहे, इथेच थांबू. पुढच्या वेळी याच धाग्यावर ‘साक्षी’ या संकल्पनेबद्दल बोलू.